जुन्या गोव्यातली ‘सक्तीची खलाशीभरती’ फेरी: तराजूसाठी जा, काचेच्या बुडाचा पेला सोडून द्या

जुन्या गोव्यात चर्च दाखवणारे वाटाडे पुष्कळ. मांडवीकाठच्या आरमाराला माणसं कुठून आणि कशी मिळत, हे सांगणारी पायी फेरी मात्र विरळाच. पणजीतल्या एका लहान गटाची ही अडीच तासांची फेरी से कॅथेड्रलच्या अंगणातून निघते, व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरते आणि दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर संपते. सकाळची पहिली तुकडीच घ्यावी. दहानंतर धक्क्यावर ऊन टिकू देत नाही, आणि खरा ऐवज तिथेच आहे.

पहिला थांबा सेंट फ्रान्सिसच्या चर्चबाहेर. जानेवारी 1676 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, इथे शिक्षा वाचून दाखवल्या, त्यांत डेलाँ या फ्रेंच वैद्याला पाच वर्षं वल्ह्यांच्या ‘गलबतावर’ ठेवण्याची शिक्षा होती. लिस्बनला पोचल्यावर त्याच्या हाती वल्हं आलंच नाही. कैद्यांना दोघादोघांत एकेका पायाने साखळीत जखडून शाही गोदीत ओझी वाहायला लावत. शिक्षेचं नाव वल्ह्याचं आणि काम गोदीतल्या हमालीचं, हे वाटाडे नेमकं सांगतात. पोर्तुगाल गुन्हेगारांना हद्दपार करून भारतात शिपाई म्हणून पाठवत असे, तेही इथेच कळतं.

कमानीखाली इंग्लंडच्या आरमारातल्या सक्तीच्या भरतीचा भाग सुरू होतो. तिथे गुन्हा लागत नसे, दर्यावर्दी असणं पुरे होई. लेफ्टनंटच्या हाती वॉरंट, सोबत दांडकी घेतलेली टोळी (‘प्रेस गँग’), बंदरातल्या खाणावळीत तळ, आणि धरलेली माणसं ‘टेंडर’ या लहान जहाजाच्या तळघरात. त्या कोंदट जागेत उवांमुळे टायफस पसरे आणि तोच ताप पुढे ताफ्यात जाई. कायद्याने 18 ते 55 वयाचे दर्यावर्दी धरता येत. कामात मुरलेली माणसं मिळत ती समुद्रावरच. घरी परतणारं व्यापारी जहाज किनाऱ्याजवळ अडवायचं आणि त्यावरचे तयार खलाशी उतरवून घ्यायचे. भरतीतून सवलतीचा दाखला खिशात असला तरी ‘हॉट प्रेस’, म्हणजे सवलती न मानणारी धरपकड, जाहीर झाली की तो चालत नसे.

धक्क्यावर पितळी तराजू निघतो, आणि इथे फेरीचे पैसे वसूल होतात. एका पारड्यात 454 ग्रॅम तांदूळ, म्हणजे पूर्ण 16 औंसांचा पौंड. दुसऱ्यात 397 ग्रॅम, म्हणजे खलाशांचा शिधा ज्याने मोजत तो जहाजावरच्या कोठाराचा पौंड, 14 औंसांचा. कमी पडलेली मूठभर, 57 ग्रॅम, वाटाड्या पाहुण्याच्या तळहातावर ठेवतो. सांडलवंडीच्या नावाखाली कोठाराचा हिशेब ठेवणारा पर्सर ती राखून घेई. त्यातच कसलेल्या खलाशाचा पगार 28 दिवसांच्या महिन्याला 24 शिलिंग, तो 1653 पासून 1797 पर्यंत तेवढाच. माणूस पळू नये म्हणून तोही सहा-सहा महिने थकवलेला. एप्रिल 1797 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्पिटहेडला ताफ्याने नांगर उचलायला नकार दिला, तेव्हा मागण्यांत पगाराबरोबर हा 16 औंसांचा पौंडही होता. धरून आणलेल्या माणसाला जहाजावर डांबून ठेवी तो हा थकलेला पगार. दांडक्याचं काम पहिल्या दिवशीच संपे. हे समजावताना वाटाडे घाई करत नाहीत, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक.

त्यानंतर काढला जातो तो काचेच्या बुडाचा पेला मात्र काढून टाकावा. बिअरच्या तळाशी राजाचा शिलिंग, म्हणजे भरतीची खूण मानलं जाणारं नाणं, टाकायचा, तो हाताला लागला की भरती झाली, आणि म्हणून पेल्याला काचेचं बूड आलं, अशी ती कथा. प्रेस गँगला संमतीची गरजच नव्हती, मग नाणं लपवून करायचं काय? धरून नेलेल्याला बक्षिसी मिळत नसे. स्वतःहून नाव दिलं तर मिळे. पुष्कळ जण पकडले गेल्यावर नाइलाजाने ‘स्वेच्छेने’ सही करत, त्याचं कारण हे. पेल्याऐवजी एवढंच सांगावं.

अमेरिकेवर वीस मिनिटं जातात, दहा पुरतील. 1807 मध्ये ब्रिटिश युद्धनौका ‘लेपर्ड’ने अमेरिकी युद्धनौका ‘चेसापीक’वर तोफा डागून चार खलाशी उतरवले, ही कटुता या दोन देशांतल्या 1812 च्या युद्धाच्या कारणांत मोडते, ते संपवणाऱ्या 1814 च्या गेंटच्या तहात मात्र सक्तीच्या भरतीचं नावही नाही. ब्रिटिश नौदलात 1853 ला ठरावीक वर्षांची सलग नोकरी आणि निवृत्तिवेतन आलं, तेव्हा टोळ्यांची गरज उरली नाही. हा दुवा फेरीत निसटतो.

मोठी उणीव लस्करांची, म्हणजे ब्रिटिश जहाजांवरच्या भारतीय-आशियाई खलाशांची. युद्धकाळात ब्रिटिश नौदल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे गोरे खलाशी उचलून नेई, म्हणून परतीच्या प्रवासाला मुंबई-कलकत्त्यातून लस्कर भरले जात. ब्रिटिश जहाजावर तीन-चतुर्थांश खलाशी ब्रिटिश हवेत, हा नियमही युद्धापुरता सैल होई. लस्कराला दांडकं लागत नसे. त्यांचा म्होरक्या, सारंग, आगाऊ उचल देई, ती पगारातून वळती होई, आणि माणूस कर्जानिशीच शिडी चढे. ज्या गोव्यातल्या तारवट्यांनी, म्हणजे दर्यावर्दींनी, मुंबईच्या कूडांमध्ये (गोवेकरांच्या सामायिक वसतिघरांत) राहून बोटीची वाट पाहिली, तिथल्या फेरीत सारंगाचा उल्लेख दोन वाक्यांत उरकतो, हे सलतं.

शेवटी हाती येणारा छापील कागद घरी जपून ठेवण्याजोगा आहे. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार, जो भारताने 2015 मध्ये स्वीकारला, नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका) आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. एजंटाने ‘सीट’साठी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीसाठी, रक्कम मागितली, तर आधी त्याचा आरपीएसएल (खलाशीभरतीचा परवाना) क्रमांक डीजी शिपिंग या सरकारी नौवहन खात्याच्या संकेतस्थळावर तपासा, कराराची प्रत मागा, आणि ती हातात येईपर्यंत मूळ सीडीसी देऊ नका. हा कागद फक्त इंग्रजीत आहे. मराठी आणि कोंकणीतही छापावा.