ट्रकच्या धडकेनंतर भरपाई: कलम १६४ चे ठरलेले अडीच लाख की कलम १६६ चा दावा?

पाय प्लास्टरमध्ये असताना घरी एक सल्ला हमखास पोचतो: "विम्याचे अडीच लाख मिळतायत, घेऊन टाका. कोर्टाच्या नादी लागलात तर वर्षं जातील." सल्ला देणारा दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही. पण ते अडीच लाख कुठल्या कलमाखालचे आहेत आणि ते घेतल्यावर कुठलं दार बंद होतं, हे तो सहसा सांगत नाही.

ट्रक, डंपर, कंटेनर, टँकर यांच्या धडकेत जखमी झालेल्यापुढे मोटार वाहन कायद्यात मुख्य वाटा दोन. कलम १६४ आणि कलम १६६. दोन्हींचा संबंध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाशीच येतो, पण हिशोबाची रीत पूर्ण वेगळी.

कलम १६४ मध्ये चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख, गंभीर दुखापत झाल्यास २.५ लाख. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीतली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच, त्यामुळे साध्या फ्रॅक्चरवाल्यालाही ती रक्कम मागता येते. अडचण उलट्या टोकाला आहे. मनगटाचं हाड मोडून दोन महिन्यांत कामावर परतलेल्याला अडीच लाख, आणि गुडघ्याखाली पाय गेलेल्यालाही अडीच लाखच.

कलम १६६ मध्ये ट्रकचालकाची हयगय दाखवावी लागते. ती फौजदारी खटल्याइतक्या कडक पुराव्याने नव्हे. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढं पटवलं तरी पुरतं. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, आरोपपत्र आणि एखादा साक्षीदार यांवर बहुतेक दावे उभे राहतात. रकमेला वरची मर्यादा नाही. कायद्याचे शब्द आहेत ते "न्याय्य" भरपाईचे.

फरक किती पडतो, हे एका हिशोबात बघू. समजा, दुचाकीवरून जाणाऱ्या ३८ वर्षांच्या फॅब्रिकेटरला ट्रकने उडवलं. कमाई महिना १८,००० रुपये. पाय वाकडा जुळला, आणि न्यायाधिकरणाने कमाईची क्षमता ३० टक्के गेल्याचं मानलं. वार्षिक उत्पन्न २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले ३,०२,४००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्यात ३६ ते ४० या वयाचा गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा, १५ आहे. गुणाकार ४५,३६,००० आणि त्याचे ३० टक्के म्हणजे १३,६०,८००. दवाखान्याची बिलं, बुडालेली मजुरी, वेदना, पुढच्या ऑपरेशनचा खर्च हे सगळं याच्या वर. शिवाय कलम १७१ प्रमाणे दावा दाखल केल्यापासूनचं व्याज न्यायाधिकरण देऊ शकतं, म्हणजे "वर्षं जातील" या भीतीची थोडी तरी किंमत वसूल होते.

या हिशोबात सगळा खेळ त्या ३० टक्क्यांवर आहे. दाखल्यावर डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व ४५ टक्के लिहिलं, तरी कमाईचं नुकसान तेवढंच धरलं जाईल असं नाही. कमीही धरतील, जास्तही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. हात गमावलेल्या सुताराची रोजीरोटी जवळपास पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून दाखल्याइतकाच महत्त्वाचा पुरावा म्हणजे तुम्ही अपघाताआधी नेमकं काय काम करत होतात आणि आता त्यातलं काय जमत नाही. पगारपत्रक नसणारे इथे गडबडतात. बँकेचं पासबुक, यूपीआयचे व्यवहार, आडत्याच्या पट्ट्या, दूध संघाची बिलं, गुमास्ता परवाना, जे असेल ते गोळा करा. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने किंवा किमान वेतनावर उत्पन्न धरतं आणि तो अंदाज क्वचितच तुमच्या खऱ्या कमाईला पोचतो.

आता बंद होणारं दार. विमा कंपनीने देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम कलम १४९ च्या तडजोडीच्या पद्धतीने स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढचा तुमचा दावा संपतो. हे कलम १६६ मध्येच लिहिलेलं आहे. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून पूर्वीचं कलम १४० असतं: कायमच्या अपंगत्वाला आधी २५,००० घ्यायचे आणि मुख्य दावा चालू ठेवायचा. ते कलम आता नाही. "हे घ्या, ते नंतर बघू" हा सल्ला त्या काळातला आहे, आणि आज तो पाळणं महागात पडेल.

मग १६४ कुणी घ्यावं? चूक स्वतःचीच असेल, उलट्या दिशेने येत होतात किंवा सिग्नल तोडला होता, तर १६६ मध्ये सहदोषाच्या प्रमाणात रक्कम कापली जाते आणि पूर्ण दोष तुमचा ठरला तर हाती काहीच येत नाही. अशा वेळी अडीच लाख ही चांगली रक्कम आहे. हाड नीट जुळलं, काम पूर्ववत सुरू झालं, बिलं लाखभराच्या आत होती, तरीही १६४ घ्यायला हरकत नाही. पण रॉड किंवा प्लेट टाकलेली असेल, डोक्याला मार असेल, मणक्याला धक्का असेल, तर डॉक्टर "आता यापुढे फार सुधारणा नाही" असं म्हणेपर्यंत कुठल्याही तडजोडीवर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबा याचा अर्थ दावा दाखल करायला थांबा असा नव्हे. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, अशी मुदत दुरुस्तीनंतर आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर स्वतःची केस टांगू नका. आधी अर्ज, अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो. अर्ज अपघात झाला तिथेच करायला हवा असंही नाही. तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. कसारा घाटात धडक बसलेला लातूरचा माणूस लातूरला दावा करू शकतो. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरण्याची सोय कायद्यात आहे. तरीही स्वतंत्र अर्ज केलेला बरा. अहवाल आलाच तर विमा कंपनीने ३० दिवसांत प्रस्ताव द्यायचा असतो. तो लेखी घ्या आणि कुठल्या बाबीचे किती धरलेत, ते विचारा. एकच गोल आकडा सांगत असतील तर बहुधा तुमच्या कमाईचा हिशोब कुणी केलेलाच नाही.

लोक अदालत ही तिसरी वाट नव्हे, १६६ च्या दाव्यातलीच एक पायरी आहे. पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निवाडा कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं. लोक अदालतीत आकडा मान्य करण्याआधी वर केला तसा गुणाकार कागदावर करून जावं.

मेडिक्लेम असलेल्यांना एक दिलासा आहे. तुमच्या पॉलिसीतून मिळालेले दवाखान्याचे पैसे भरपाईतून कापायचे नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला.

ट्रकच्या केसमध्ये विमा कंपनी हात झटकायला बघते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक, चालकाचा परवाना योग्य नव्हता. यात बाहेरच्या जखमी माणसाला सहसा घाबरायचं कारण नाही. कंपनीने आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं, असा आदेश न्यायालयं देतात. दुसरं कारण खरं अडचणीचं: जखमी माणूस मालट्रकमध्येच बसलेला होता. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत घालून नेणं आपल्याकडे नवीन नाही. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विम्यावर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२-०३ च्या आशा राणी निकालात म्हटलं आहे. मग भरपाई मालकाच्या खिशातून, आणि मालकाकडे किती असेल ते सांगायला नको. स्वतःच्या मालाबरोबर बसलेल्या व्यापाऱ्याची किंवा शेतकऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला विम्याचं संरक्षण आहे. तेव्हा कांद्याच्या गोणी तुमच्या होत्या हे दाखवणारी बाजार समितीची पावती जपून ठेवा.

ट्रकचा चालक किंवा क्लीनर स्वतः जखमी झाला असेल तर त्याच्यापुढची तुलना निराळी. त्याला कामगार नुकसानभरपाईचा मार्गही आहे. पूर्वी १९२३ च्या कायद्यात होता, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तिथे चालकाची स्वतःची चूक सहसा आड येत नाही, पण कमाई कितीही असली तरी हिशोबाला वेतनाची मर्यादा लागते. दोन्हीकडे पैसे मागता येत नाहीत, कलम १६७ तशी मुभा देत नाही. चूक समोरच्या गाडीची असेल तर १६६, स्वतःच्या हातून गाडी उलटली असेल तर कामगार भरपाई, असं साधारण ठरवता येतं.

ट्रक पळून गेला आणि नंबरही मिळाला नाही, तर निवडीला जागाच उरत नाही. कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख, एवढंच. म्हणून टोलनाक्याचं, पेट्रोल पंपाचं, ढाब्याचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी ते मिळवण्यासाठी घरातल्या कुणीतरी पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोलिसांच्या मागे लागायला हवं.