जुन्या आरएक्सचा पुढचा फोर्क: बनवायचा की बदलायचा?

सोलापुरातल्या एका मित्राच्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलचं तोंड ब्रेक दाबताच खाली बसतं, सीलमधून ऑइल गळतं. आहे तोच फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन शॉकअप) दुरुस्त करून बनवू, की दुसऱ्या गाडीचा डिस्क ब्रेकवाला संच बसवू, असा त्याचा प्रश्न.

बनवणं स्वस्त, ऑइल सील, डस्ट सील, ऑइल, बस. पण आधी पाइपवरून नख फिरवा. क्रोम उडून खड्डे पडले असतील तर नवं सीलही लवकरच फाटतं. मग हार्ड क्रोम (पाइपवर क्रोमचा नवा कडक थर) किंवा नवा पाइप, आणि स्वस्ताई तिथेच संपते. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून पाहा. घट्ट ऑइलने उसळी संथ होते, दमलेली स्प्रिंग ताठ होत नाही. फिटर काहीही सांगो.

दुसऱ्या संचात यॉक (दोन्ही पाइप धरणारी पट्टी), बेअरिंग, चाक, स्पीडोची केबल, सगळंच जुळवत बसावं लागतं. लांबी वेगळी निघाली तर वळणावर गाडीचा स्वभावच बदलतो. वर गाडीत मनाने बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ आहेच. डिस्कचा ब्रेक मात्र खरोखर सरस.

टिकण्याचं म्हणाल तर आपल्याकडची धूळ दोन्हींना सारखीच खाते. पाइपवर रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) घालाच.

गावात आणि फार तर अक्कलकोटपर्यंत एकट्याने फिरणाऱ्याने जुनाच बनवावा. पाइप वाकलाय, सुटे भाग मिळत नाहीत आणि हाताशी पक्का फिटर आहे, त्यानेच संच बदलावा. रोज हायवेला डबलसीट जाणाऱ्याने सरळ डिस्कवाली दुसरी गाडी घ्यावी.