पॉवर सप्लाय टेस्टर: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

"पीसी चालू होत नाहीये, जरा बघतोस का" असं कोणी म्हटलं की हल्ली मी सगळ्यात आधी हा छोट्या स्क्रीनवाला टेस्टर बॅगेत टाकतो. बरेच महिने वापरून झालाय, बऱ्याच मशिनींवर लावलाय, म्हणून आता जरा खात्रीने लिहितो.

वापरणं सोपं आहे, मेन स्विच बंद करायचा, एसएमपीएसचा (म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायचा) २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढून टेस्टरला लावायचा आणि मग स्विच चालू करायचा. स्क्रीनवर १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे येतात. यात ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाईन ११.४० ते १२.६० मध्ये हवी. शिवाय पीजी (पॉवर गुड) नावाचा एक आकडा येतो मिलिसेकंदात, तो १०० ते ५०० च्या मधे हवा. एसएमपीएस मदरबोर्डला "माझे व्होल्टेज स्थिर झाले, आता सुरू हो" असा सिग्नल देतो, तो यायला किती वेळ लागला ते हा आकडा सांगतो. मला सगळ्यात उपयोगी हाच वाटला. एक जुनं मशीन सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की फक्त पंखे फिरवायचं, डिस्प्ले नाही, दोन-तीनदा बंद-चालू केलं की मग व्यवस्थित. व्होल्टेज सगळे बरोबर, पण थंड असताना पीजी दर वेळी वेगळाच यायचा, कधी यायचाच नाही. एसएमपीएस बदलला आणि त्रास संपला.

आता महत्त्वाचं. टेस्टरने फेल दाखवलं तर विश्वास ठेवा, पास दाखवलं तर लगेच ठेवू नका. टेस्टर एसएमपीएसवर लोड (करंट ओढणारा भार) जवळजवळ टाकतच नाही, त्यामुळे कपॅसिटर थकलेला एसएमपीएस इथे आरामात पास होतो आणि ग्राफिक्स कार्डने करंट ओढला की कोसळतो. मी असा एक बघितलाय, टेस्टरवर १२.१, पण विंडोज लोड होताना मशीन रिस्टार्ट. चालू मशीनमध्ये मोलेक्सच्या (चार पिनांचा जुना पॉवर कनेक्टर) पिवळ्या-काळ्या वायरींवर मल्टिमीटर लावला तर ११.२ वर घसरलेलं. म्हणून मल्टिमीटर हवाच, आणि एकच काही घेणार असाल तर मी तोच घ्या म्हणेन.

पास झाल्यावर पुढे काय, तर मदरबोर्डवरचे डीबग लाईट बघायचे, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट, ज्यावर अडकलं तिथून शोधायला सुरुवात. डीरॅमवर अडकलं तर एकच रॅम ठेवून एकेक स्लॉट बघायचा. पण डीडीआर५ वाल्या नव्या मशीनला पहिल्यांदा किंवा बायोस रीसेट केल्यावर रॅम ट्रेनिंगला (मशीन रॅमशी जुळवून घेतं ते) काही मिनिटं लागू शकतात, तेवढ्यात घाबरून पॉवर काढू नका, बऱ्याच जणांचं मशीन बिघडलेलं नसतंच मुळी. सीपीयूचा लाईट असेल तर वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची वायर नीट बसलीय का बघा.

तक्रार म्हणाल तर कनेक्टर फार घट्ट बसतो, काढताना वायरीला ओढू नका, क्लिप दाबूनच काढा. आणि आकडे बिघडलेले दिसले म्हणून एसएमपीएस उघडायच्या भानगडीत कृपया पडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक बसेल एवढा चार्ज राहू शकतो. मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) असेल तर नव्या एसएमपीएसला त्याच्याच वायरी वापरा, जुन्या दिसायला सारख्या असल्या तरी पिनांची रचना वेगळी असू शकते आणि हार्डडिस्क जळू शकते.