गिम्प ३.० काही महिने वापरून: मराठी अक्षरांची पांढरी कड

लग्नपत्रिका, बॅनर, शुभेच्छाफलक करणाऱ्याचं निम्मं काम अक्षरांचं असतं. त्यामुळे गिम्पसारखा फुकट इमेज एडिटर निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो: लिहिलेल्या नावातला रफार चुकला, तर तो नंतर दुरुस्त करता येतो का?

पेंट.नेट इथेच गळतं. विंडोजवर झटकन उघडतं, फोटो कापायला, लहान करायला उत्तम. (अधिकृत साइटवरून फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या प्रतीला पैसे पडतात, ते कशाला द्यायचे?) पण मजकूर एकदा पक्का झाला की त्याचे नुसते पिक्सेल उरतात. चूक सापडली तर पुसा आणि पुन्हा लिहा.

गिम्प नवशिक्याला सुचवू नये, असं माझं मत २.१० या आवृत्तीपर्यंत होतं. अक्षरांना कड द्यायची तर निवड करा, ती वाढवा, खाली नवा लेअर (चित्राचा वेगळा थर) घेऊन रंग भरा. आणि नाव बदललं की हे सगळं पुन्हा. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं आणि ते मत बदललं. टेक्स्ट टूलच्या पर्यायांतच आउटलाइन, म्हणजे अक्षराभोवतीची रेघ, आली. नाव बदला, कडही बदलते. जोडाक्षरं, रफार नीट बसतात. फॉन्ट युनिकोड हवा.

एक अडचण आहे. ही रेघ अक्षराच्या बाहेर जाते तशी आतही शिरते. जाडी वाढवली की अनुस्वार बुजतो, 'क'चं पोट भरून जातं. त्यापेक्षा ड्रॉप शॅडो (अक्षरामागे सावली पाडणारा) फिल्टर वापरा: एक्स आणि वाय शून्य, ब्लर शून्य, ग्रो रेडियस ६ ते १०, रंग पांढरा, ओपॅसिटी १. ए४ आकाराला ३०० पीपीआयवर (दर इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेलला, एवढी कड पुरते. 'मर्ज फिल्टर'वर टिक करू नका, नाहीतर फिल्टर लेअरमध्येच मुरतो आणि मग अक्षर बदलायला गेलात की कड जाते. मूळ फाइल एक्ससीएफमध्येच (गिम्पच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये) ठेवा. जेपीजी फक्त पाठवण्यापुरती.

कुणी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) पाठवली तर मात्र मी फोटोपीया उघडतो. ते ब्राउझरमध्येच चालतं, जाहिराती सोसाव्या लागतात, पण फाइल त्यांच्या सर्व्हरवर जात नाही. तीच पीएसडी गिम्प ३.० मध्ये उघडली तर टेक्स्ट लेअरचं चित्र होऊन येतं. ज्याच्याकडे अशाच फाइली येतात, त्याने गिम्पच्या नादी लागू नये.

क्रिटा चित्रकाराचं. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) थेट काम करता येतं, हे मोठंच. पण ५.२ मध्ये मजकुरासाठी वेगळी खिडकी उघडते, पत्रिकेच्या कामात ते वैताग आणतं. गिम्पमध्ये काम आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतच, चालतं. छापखान्याने सीएमवायके मागितलं तर त्यांच्याकडून रंगांची प्रोफाइल फाइल घ्या, सॉफ्ट-प्रूफमध्ये (छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर दाखवणाऱ्या सोयीत) रंग बघा आणि टिफ एक्सपोर्ट करताना सीएमवायके निवडा. झगझगीत केशरी आणि पोपटी रंग सॉफ्ट-प्रूफमध्येच मळकट दिसू लागतात; ते छापण्याआधी बदला.