वॉलपेपर बदलणाऱ्या ‘फुकट’ प्रोग्रामने कसं गंडवलं

दोन मॉनिटर, दोन्हींवर वेगळी चित्रं, आणि ती तासातासाला आपोआप बदलावीत. हवं होतं ते एवढंच. शोधल्यावर सगळ्यात वर आली ती जाहिरात. नाव आणि लोगो एका नावाजलेल्या मोफत प्रोग्रामचा, पण पत्त्यात एक जादा शब्द घुसवलेला. इन्स्टॉलर चालवताना विंडोजने पिवळ्या पट्टीत ‘प्रकाशक अज्ञात’ असं बजावलं. पुढच्या खिडकीत ‘एक्सप्रेस’ ठळक निळ्यात आणि ‘कस्टम’ इतक्या फिकट राखाडी अक्षरांत, की तो पर्याय बंदच आहे असं वाटावं. आधीच टिक करून ठेवलेले सगळे चौकोन त्या राखाडी दाराआड होते.

खरी मेख अशी, की वॉलपेपर छान बदलत होते. काम होतंय म्हटल्यावर संशय घ्यायचा कुणावर?

मग ब्राउझरमधला शोध भलत्याच पानावरून फिरून येऊ लागला. इन्स्टॉलरने ब्राउझरला गुपचूप जोडलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे एक्स्टेन्शन, काढायला गेलो तर काढण्याचं बटणच निष्क्रिय, आणि मेनूत ओळ: हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे. घरच्या कॉम्प्युटरवर कसली आलीये संस्था! कंपन्यांना आपल्या मशीनवर ब्राउझरचे नियम लादता यावेत म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत, ‘पॉलिसी’ची सोय असते, या इन्स्टॉलरने तीच वापरून एक्स्टेन्शन खिळवून टाकलं होतं. सोबत आलेला ‘क्लीनर’ रोज शेकडो चुका सापडल्याचं सांगायचा. दुरुस्तीला अर्थातच पैसे.

पैशांचा दुसरा रस्ता त्याच प्रोग्राममधल्या वॉलपेपरच्या ‘फोर-के संग्रहा’तून जात होता. ट्रायल मोफत, कार्ड ‘फक्त पडताळणीसाठी’. प्रोग्राम अनइन्स्टॉल केल्यावरही वर्गणी कापली गेली, कारण वर्गणी कॉम्प्युटरवर नसते, त्यांच्या खात्यात असते, आणि तिथे रद्द करण्याचं बटण मला कुठे सापडलं नाही. मेलला उत्तर नाही. बँकेत तक्रार करून कार्ड बदलून घेतलं. पुढचे हप्ते थांबले, पहिला गेला तो गेलाच. बरं, चित्रं तरी खरी? फोर-के म्हणजे ३८४०×२१६० पिक्सेल. आकडा तेवढाच होता, पण झूम केल्यावर झाडांच्या कडा मेणासारख्या. चित्र टाकून इंटरनेटवर उलट शोध घेतला तर तेच फोटो १९२०×१०८० मध्ये इतरत्र फुकट पडलेले. ताणून पिक्सेल चौपट केलेले, तपशील मात्र तेवढाच.

साफसफाईला प्रोग्राम काढणं पुरलं नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, एक काम लावून ठेवलेलं होतं, दर लॉगिनला सगळं पुन्हा उतरवणारं. आधी ते उडवलं, मग रजिस्ट्रीतल्या ब्राउझर-पॉलिसीच्या नोंदी. तेव्हा कुठे एक्स्टेन्शन निघालं. हाच क्रम पाळा, उलट केलंत तर ते परत येतं.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची: हे काम विंडोज स्वतःच करतं. फोल्डरमधल्या चित्रांचा स्लाइडशो २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, बॅकग्राउंड इथे जा. एका मिनिटापासून एका दिवसापर्यंत वेळ निवडता येते आणि स्लाइडशोत दोन मॉनिटरना वेगळी चित्रंही मिळतात. हलते वॉलपेपर हवेत तर ‘लाइव्हली वॉलपेपर’ मोफत आणि मुक्तस्रोत आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. ‘वॉलपेपर इंजिन’ विकत मिळतं, स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात. त्याची ‘फुकट’ प्रत कुणी देत असेल तर दुर्लक्ष करा.

आणखी एक. त्याच संग्रहात ‘सूर्यास्त.जेपीजी’ नावाची एक फाइल होती, तिचं पूर्ण नाव ‘सूर्यास्त.जेपीजी.एससीआर’. एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हर, म्हणजे चित्र नव्हे, चक्क चालणारा प्रोग्राम. फाइलच्या नावाची ओळखीची शेपटं (यांनाही एक्स्टेन्शनच म्हणतात) विंडोज मुळातच लपवतं, म्हणून शेपूट दिसत नाही. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू केलं की दिसतं.