वर्षभराची वर्गणी, साडेएकोणीस किलो रद्दी

वर्गणी संपायला आठ दिवस राहिलेत आणि वितरण विभागाचा पोरगा नव्या वर्षाची पावती घेऊन दोनदा दारात येऊन गेला. या वेळी पाण्याच्या बाटल्यांचा सेट फुकट आहे म्हणे. पैसे देण्याआधी वर्षाचा हिशेब मांडून बघावा म्हणून हे लिहितोय. पेपरचं नाव देत नाही. सांगलीत इतर पेपर घेणाऱ्या तिघांना विचारलं, त्यांचंही रडगाणं हेच. पानं किती, किंमत किती, पुरवणी कधी येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

मार्च २०२० मध्ये कागदावरून विषाणू येतो अशी हूल उठली आणि आमच्या गल्लीतले निम्मे पेपर बंद झाले, त्यात आमचाही. परत सुरू करायची गरज वाटली नाही. गेल्या वर्षी अण्णांनी हट्ट धरला. वडील ८२ वर्षांचे, एसटीत होते. त्यांना अग्रलेख नको, राशिभविष्य नको, कोडं नको. त्यांना हवं निधनाचं पान. सकाळी चहाबरोबर भिंग घेऊन ते आधी तेच बघतात. कोण गेलं, वय काय, मागे कोण, आणि रक्षाविसर्जन कधी, कुठे. सांगली-कोल्हापूरकडच्यांना समजावून सांगायला नको. त्या शेवटच्या ओळीवर आमच्याकडच्या पिढ्यांचं येणं-जाणं चाललेलं आहे.

तर ₹१,४९९ भरले. भेटवस्तू म्हणून तीन डब्यांचा हॉटपॉट. तो पाच महिन्यांनी आला, मधल्या डब्याचं झाकण बसत नाही. असो.

आता वजन. हसू नका, व्यापारी माणूस आहे. पहिल्याच आठवड्यात अंक हातात हलका लागला म्हणून दुकानातल्या काट्यावर टाकला. बारा पानी अंक : ५२ ग्रॅम. मग सवयच लागली. पुरवणीच्या दिवशी सत्तरच्या वर, सोमवारी कधीकधी दहाच पानं, तेव्हा ४३. दिवाळी, धुळवड, १५ ऑगस्ट अशा सुट्ट्या वजा जाता वर्षाला साधारण ३५५ अंक, एकूण साडेएकोणीस किलो. रद्दीवाला १४ रुपये किलोने नेतो, म्हणजे २७३ रुपये परत. निव्वळ खर्च १,२२६, दिवसाला साडेतीन रुपयांच्या आत. कटिंग चहासुद्धा यात येत नाही. म्हणजे तक्रार पैशाची नाही, हे आधीच कबूल करतो. (पूर्वी रद्दीचा पुडा भडंगवाल्याला थेट द्यायचो. आता शाई खाण्यात जाते म्हणून छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका असं सरकारी खातंच सांगतं, त्यामुळे तेही गेलं.)

तक्रार त्या शेवटच्या ओळीची आहे.

नोव्हेंबरात अण्णांच्या डेपोतले जुने सहकारी गेले. चाळीस वर्षांची ओळख. त्यांच्या मुलाकडे आमचा नंबर नव्हता, आमच्याकडे त्याचा नव्हता, सगळी मदार पेपरवर. दुसऱ्या दिवशी निधनाच्या पानावर फोटोसह चौकट आली : 'रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी ९ वाजता कृष्णा घाट, मिरज येथे.' अण्णांनी आदल्या रात्री धोतर काढून ठेवलं, पांढरी टोपी शोधली. साडेआठला रिक्षाने मिरजेला पोचलो. घाटावर दुसऱ्याच घरची माणसं. आम्ही पाऊण तास उभे. अण्णा दर गाडीकडे बघत होते, ओळखीचा चेहरा उतरतो का म्हणून. शेवटी तिथल्या माणसाने रजिस्टर बघून सांगितलं, या नावाचं इथं काही नाही. मग फोनाफोनी. विधी सांगलीत अमरधाम स्मशानभूमीत होता. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आम्ही परत येईपर्यंत सगळं आवरून मंडळी घरी गेली होती.

अण्णा रिक्षात एकच वाक्य बोलले : 'नदी एकच आहे म्हणून चालत नाही.'

त्या सहकाऱ्यांच्या घरच्यांनी पेपरला पाठवलेला मजकूर मी नंतर मोबाईलवर पाहिला. त्यात स्पष्ट 'अमरधाम, कृष्णाकाठ' लिहिलं होतं. कुणीतरी कृष्णाकाठचा कृष्णा घाट केला आणि कृष्णा घाट म्हणजे मिरज हे स्वतःच्या डोक्याने जोडलं. सांगलीतला माणूस ही चूक करूच शकत नाही. मग केली कुणी?

ग्राहक क्रमांकावर फोन लावला. तीन दाबा, पाच दाबा. एका मुलीने फार गोड आवाजात विचारलं, 'सर, अंक मिळाला नाही का?' म्हटलं अंक मिळाला, मजकूर चुकलाय. 'सर, त्यासाठी पर्याय नाहीये. अंक भिजलेला होता का?' तक्रारीचे प्रकार एकूण चार : मिळाला नाही, उशिरा आला, भिजला, पुरवणी नव्हती. खोटा होता, हा प्रकार यादीत नाही. स्थानिक कार्यालयात गेलो तर तिथं जाहिरातीचे दोघं आणि एक कुलूपबंद केबिन. दुरुस्ती छापा म्हणून अर्ज दिला, पोच घेतली. दुरुस्ती आजतागायत नाही.

खरं उत्तर मिळालं चहाच्या टपरीवर. आमच्या भागातून बातम्या देणारा एक वार्ताहर ओळखीचा आहे. म्हणाला, 'दादा, पान आता इथं लागतच नाही. दुसऱ्या शहरात लागतं, तिथला पोरगा एका रात्रीत तीन जिल्ह्यांची पानं लावतो. त्याला अमरधाम काय नि कृष्णा घाट काय.' मुद्रितशोधक नावाची जमात केव्हाच घरी पाठवली. याला स्वतःला मिळतं ते मानधन, त्यात महिन्याला दोनदा गाडीची टाकी भरते. उरलेलं जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या विशेषांकाला त्याच्या नावावर टार्गेट लागतं. ज्या सरपंचाच्या रस्त्याच्या कामाची बातमी लिहायची, त्याच सरपंचाकडे आठ दिवसांनी पाव पानाच्या शुभेच्छा मागायला जायचं. 'तुम्हीच सांगा, काय लिहू?' मी काय सांगणार. चहाचे पैसे मी दिले.

त्या दिवसापासून पेपर वेगळ्याच नजरेने बघायला लागलो. 'आवाहन केले', 'प्रतिपादन केले', 'उत्साहात साजरा' असं जिथं दिसेल, तिथं कुणी गेलेलं नसतं, पत्रक आलेलं असतं. एका दिवसाच्या स्थानिक दोन पानांवर पेन्सिलने खुणा केल्या. बावीस बातम्यांपैकी वार्ताहर स्वतः उठून गेलाय असं वाटणाऱ्या तीन. त्यातली एक अपघाताची. साहेबांच्या वाढदिवसाला तर पहिलं पानच मिळत नाही, आधी चार पानी अभीष्टचिंतन उलटायचं. २००९ च्या निवडणुकीनंतर पेड न्यूजवर केवढा गदारोळ झाला होता, प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली होती. आता चोरून करायचीसुद्धा गरज उरली नाही.

आणि हे सांगलीत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर याच गावचे, त्यांनी पुढे मुंबईत १९२३ साली 'नवाकाळ' काढला. आमच्याकडे दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिनी त्याचा उल्लेख भाषणात हमखास होतो. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ मध्ये त्या तारखेला निघालं म्हणून तो दिवस. यंदाही अर्ध्या पानावर सत्काराचे फोटो आले, शाल, श्रीफळ, हार. टपरीवरचा माझा वार्ताहर मित्र मागच्या रांगेत उभा. फोटोखाली त्याचं नाव चुकलं होतं!

इथवर वाचून मला पेपर बंद करायचाय असं वाटेल. ऑगस्टात बंद करणारच होतो, फक्त घाटाचा प्रसंग तेव्हा घडायचा होता. राग होता तो हॉटपॉटचा. पण तेव्हा पाऊस लागला आणि कोयनेने दरवाजे उचलले.

आम्ही कर्नाळ रोडच्या अलीकडे राहतो. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा वरच्या मजल्यावरून बोटीत उतरलेली माणसं आहोत. त्यामुळे ४० फूट इशारा, ४५ फूट धोका हे आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. पाणी चाळिशीकडे सरकायला लागलं आणि मोबाईल पेटला. कुणी म्हणतंय कोयनेतून दीड लाख क्युसेक सोडलं, कुणी म्हणतंय खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाने दारं लावली, कुणी २०१९ चाच व्हिडिओ फिरवतंय. शेजारणीने दोनदा सामान माळ्यावर चढवलं, दोनदा उतरवलं.

आणि त्या आठ दिवसांत हा ५२ ग्रॅमचा पेपर काय वागला! दुसऱ्या पानावर रोज एक चौकट. कोयना, साठा किती, १०५ टीएमसीपैकी. आवक किती, विसर्ग किती. वारणा, अलमट्टी. खाली पुलांची पातळी ओळीने : बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर कंसात वेळ लिहिलेली, 'सायंकाळी सहाची स्थिती'. फिरणाऱ्या एकाही मेसेजवर वेळ नव्हती. आकडे पाटबंधारे खात्याचेच, मान्य. पण कुणीतरी ते रोज मागून घेत होतं, तपासत होतं. अण्णा भिलवडीचा आकडा आयर्विनशी ताडून बघायचे आणि सांगायचे, 'अजून चढणार, गाद्या वर घ्या.' तिसऱ्या दिवशी त्याच वार्ताहराने कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरतं याची यादी दिली, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर. ती मी कापून फ्रिजवर लावली, अजून तिथंच आहे. एक तारा तिथल्या तिथं वाढवला होता. नोव्हेंबरात दीड काढून घेतला.

ॲपचं एका ओळीत : ई-पेपरची वर्गणी वेगळी, छापील घेणाऱ्याला सवलत शून्य, आणि बातमी उघडेपर्यंत तीन जाहिराती बंद कराव्या लागतात. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला कुणीतरी अख्ख्या अंकाची पीडीएफ टाकतो. तो कोण, हे मी विचारत नाही. आमचा पेपरवाला म्हणतो, पूर्वी या गल्लीत ४१ घरं होती, आता १३. 'लाईन टाकायला पोरगं मिळत नाही मालक, स्वतः येतो.' साठीचा आहे. तो थांबला की या गल्लीत पेपर थांबला.

तर निकाल : पाचपैकी दोन. पूर आल्यास साडेतीन. वर्षाची पावती फाडणार नाही, बाटल्यांचा सेट त्यांच्याकडेच राहू दे. पेपरवाल्याकडून महिन्याच्या बिलावर रोख घेणार, चूक दिसली की बंद करता येतो.

हे अण्णांना सांगायला गेलो तर त्यांनी कपाटातून वहीचं पान काढून दिलं. स्वतःच्या निधनाचा मजकूर. पासपोर्ट साईज फोटो टाचणीने लावलेला, तारखेची जागा मोकळी, 'मागे परिवार'मध्ये माझं नाव सर्वांत शेवटी. खाली लाल पेनाने दोनदा अधोरेखित : 'अमरधाम, सांगली. मिरज नव्हे.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, दोन पेपरला द्या, एक चुकवेल.