डिस्क कोरी करून विंडोज ११ : मराठी-गुजराती मांडणीच्या कामातील काही महिन्यांचा अनुभव

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्याच महिन्यातील दिवाळीच्या सुट्टीत, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची घाई सुरू होण्याआधी, बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या टंकलेखन व मांडणीच्या दुकानातील मुख्य संगणकाची डिस्क पूर्ण रिकामी करून मी तीवर विंडोज ११ ची २५एच२ ही आवृत्ती बसवली. लग्नसराईचे काम या यंत्रावर झाल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. नवी प्रणाली बसवणे हे काम सोपे आहे. खरा कस लागतो तो अक्षरे, कीबोर्ड आणि जुन्या फायली पूर्ववत उभ्या करताना, आणि आमच्यासारख्या दोन लिप्यांत काम करणाऱ्यांनी वेळेचा हिशेब त्यावरूनच करावा.

संगणक जुळणी केलेला आहे. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जेमतेम बसणारा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) हवे म्हणून वेगळा सुटा भाग विकत घेण्याचा सल्ला बाजारात सर्रास मिळतो, परंतु या पिढीच्या बहुतेक मदरबोर्डांत ती सोय आधीपासूनच असते आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘पीटीटी’ या नावाने बंद करून ठेवलेली असते. ती सुरू केली, जुन्या पद्धतीचे बूट देणारा सीएसएम हा पर्याय बंद केला आणि केवळ विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारे सिक्युअर बूट चालू केले, एवढ्यावर अट पूर्ण झाली. डिस्क विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची होती. तिच्यावरील सर्व विभाग इन्स्टॉलरमध्येच पुसून मोकळी जागा निवडली की विंडोज स्वतः ती जीपीटी या नव्या पद्धतीने आखून घेते. मात्र संगणक विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल, तर असे विभाग पुसणे म्हणजे माहिती नष्ट करणे नव्हे. त्यासाठी रीसेटमधील ड्राइव्ह साफ करण्याचा पर्यायच वापरावा.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार केला. प्रॉडक्ट की विचारल्यावर ती आपल्याकडे नसल्याचा पर्याय निवडला तरी चालते, कारण आधी सक्रिय झालेल्या विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. आवृत्ती, म्हणजे होम किंवा प्रो, तीच निवडली की इंटरनेट मिळताच सक्रियता आपोआप येते. पहिल्या सेटअपमध्येच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. वायफायचा ड्रायव्हर त्या क्षणी नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला द्यावे, काम अडत नाही.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. २४एच२ या आवृत्तीपासून कोऱ्या डिस्कवर बसवलेल्या विंडोजमध्ये, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास, डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय, बहुधा न विचारताच सुरू होते. पुढे बायोस अपडेट केला किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर ग्राहकांच्या सर्व फायलींना मुकावे लागते. ती की खात्यात साठवलेली असते. मी ती छापून दुकानाच्या हिशेबाच्या वहीत चिकटवली आहे.

आता अक्षरांविषयी, कारण आमचा धंदा त्यावरच चालतो. बॅकअप घेताना लोक दस्तऐवज, छायाचित्रे आणि डेस्कटॉप एवढेच उचलतात, पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात आणि डिस्कबरोबर तेही जातात. त्यातही एक खोच आहे : विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साध्या क्लिकने बसवलेला फॉन्ट सर्वांच्या फोल्डरमध्ये न जाता त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमधील फॉन्ट फोल्डरमध्ये जातो. म्हणून दोन्ही ठिकाणांची प्रत घेणे भाग आहे. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराची अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागीच साठवलेली असतात; तो नेमका फॉन्ट नसेल तर गणेशोत्सव मंडळाचा दहा वर्षांपूर्वीचा अहवाल निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून उघडतो.

युनिकोड फायलींचे तसे होत नाही, परंतु त्यांचेही रूप बदलू शकते. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ विंडोजबरोबर येत नाहीत, देवनागरीच्या पूरक संचात येतात. गुजरातीचा श्रुती हाही तसाच पूरक संचात आहे. ते नसतील तर मजकूर निर्मला फॉन्टमध्ये दिसतो, ओळींची लांबी बदलते आणि पत्रिकेतील आप्तेष्टांची यादी खालच्या पानावर घसरते. सेटिंग्जमध्ये मराठी व गुजराती भाषा जोडल्या की इंटरनेटवरून हे संच सहसा आपोआप उतरतात. न उतरल्यास ऑप्शनल फीचर्समधून मागवावेत. कीबोर्डमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना) आणि फोनेटिक (रोमन उच्चारानुसार टंकण्याची) दोन्ही आहेत, आणि विंडोज व स्पेस या कळांनी मराठी, गुजराती, इंग्रजी अशी अदलाबदल काम करताना सहज होते. रेमिंग्टन टंकयंत्राच्या पद्धतीची सवय असलेल्या जुन्या टंकलेखकांना मात्र बाहेरचे साधन घ्यावे लागेल.

काही महिन्यांच्या वापरात यंत्र स्थिर राहिले आहे. सुरू होण्याचा वेग सुधारला, पण त्याचे श्रेय नव्या प्रणालीपेक्षा वर्षानुवर्षे साचलेले निरुपयोगी प्रोग्राम गेल्याला अधिक द्यावे लागेल. अधिकृत किमान मेमरी ४ जीबी असली तरी मांडणीच्या कामासाठी ८ जीबीही अपुरी वाटते; मी १६ केली. वर्डपॅड हा विंडोजमधील साधा लेखन-प्रोग्राम २४एच२ पासून काढून टाकलेला असल्यामुळे ग्राहकांच्या आरटीएफ फायलींसाठी लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर ठेवले. मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतील सकाळी येते, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री. त्यामुळे बुधवारी सकाळी निकडीची छपाई ठेवत नाही आणि ॲक्टिव्ह अवर्स (ज्या वेळेत संगणक स्वतःहून रीस्टार्ट होत नाही) दुकानाच्या वेळेप्रमाणे लावलेले आहेत.

एकच गोष्ट जमली नाही. आमच्या जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला यूएसबी हार्डवेअर लॉक, म्हणजे परवाना तपासणारे छोटे साधन, लागतो आणि त्याचा ड्रायव्हर फार जुना आहे. कोऱ्या विंडोज ११ वर, प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असून मेमरी व एसएसडी पुरेशी असल्यास, कोअर आयसोलेशनमधील मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय सुरुवातीपासूनच चालू असते आणि ती असे विसंगत ड्रायव्हर अडवते. ती बंद करता येते, परंतु ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर एका जुन्या लॉकसाठी संरक्षण उतरवणे मला पटले नाही. म्हणून सहाव्या पिढीचा दुसरा संगणक, जो विंडोज ११ च्या यादीत बसतच नाही, विंडोज १० वरच ठेवला आहे आणि त्याचे इंटरनेट काढून टाकले आहे. जुने अहवाल तेथे उघडून त्यांची पीडीएफ करतो, आणि ज्यांना मजकुरात बदल हवा असतो त्यांना युनिकोडमध्ये नव्याने टंकण्याचा दर आधी सांगतो.